मोबाइलच्या कीबोर्डाने 'असले' शब्द सुचवावेत की गाळावेत?

कृष्णाकाठची_मीना | सांगली

नमस्कार मंडळी. माझं सांगलीत झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. गेल्या आठवड्यात समाजकार्य शिकणारी एक मुलगी प्रोजेक्ट घेऊन आली. विषय होता 'समलिंगी व्यक्तींचे मानसिक आरोग्य'. दुकानात लाइट गेली होती म्हणून मुखपृष्ठाचा मजकूर मी मोबाइलवरच टाइप करून ठेवला आणि लाइट आल्यावर घाईघाईत छपाई उरकली. वीस प्रती स्पायरल बाइंडिंग करून दिल्या. दुसऱ्या दिवशी पोरगी परत दारात. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत 'समभागी व्यक्तींचे मानसिक आरोग्य'.

चूक माझीच, वाचून बघायला हवं होतं. पण मग मी मुद्दाम करून पाहिलं. 'सम' लिहिलं की समस्या, समाज, समजा, समोसा येतात. 'समलिं'पर्यंत गेलं तरी खालची पट्टी रिकामी. पूर्ण शब्द लिहून जागा सोडली की हा बाबा आपल्या मनाने बदलतो. वीस वर्षं मराठी टाइप करतेय, हा काही अवघड शब्द नाही. वर्तमानपत्रात रोज येतो.

आमचे हे म्हणतात, बरंय की, घरात पोरं फोन हाताळतात, कंपनीने मुद्दाम गाळला असेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या मुलीने विचारलं, "काकू, शिव्या सुचवतो का तुमचा फोन?" बघितलं, तर दोन-तीन सुचवतो! तेव्हापासून डोक्यात घोळतंय. असे शब्द कीबोर्डाने गाळावेत का? तुम्हाला काय वाटतं?

भडंग_विथ_शेंगदाणे

समभागी व्यक्तींचं मानसिक आरोग्य हाही गंभीर विषय आहे ताई. मी स्वतः समभागी आहे, चार वर्षांपासून तोट्यात. एक प्रत मला द्या.

मोती_चौक | सातारा

मी गाळावेत या बाजूचा. शिव्या घालू नका, आधी ऐका. शब्दकोशात शब्द असणं वेगळं आणि न मागता समोर आणून ठेवणं वेगळं. शब्दकोश कपाटात असतो, हवा तो शब्द आपण शोधतो. हा कीबोर्ड आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत तोंडात घास कोंबतो. माझा नातू तिसरीत आहे, आजीच्या फोनवरून आत्याला मेसेज करतो. त्याला काय सुचवायचं हे एखाद्या परदेशी कंपनीने ठरवावं का? कुणाला लिहायचंय त्याने पूर्ण लिहावं, कुणी हात धरलेला नाही.

खंबाटकी_बोगदा

+१ मोती_चौक काका. (आणि पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

कोडकरी_कराडकर | कराड, सध्या पुणे

काकांचा मुद्दा वरवर बरोबर वाटतो, पण आत काय चालतं ते सांगतो. याच क्षेत्रात काम करतो, या कंपन्यांत नाही.

कीबोर्डात तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, शब्दांची यादी: हा शब्द खरा की चुकलेला. दोन, कुठल्या शब्दापुढे कुठला येतो याचा अंदाज, जो ढीगभर मजकूर वाचून बांधलेला असतो. तीन, तुमच्या फोनने तुमच्याकडून शिकलेलं. या सगळ्याच्या वर एक चाळण बसवलेली असते. त्या चाळणीतले शब्द तुम्ही लिहू शकता, पण फोन ते स्वतःहून पुढे करत नाही. बऱ्याच कीबोर्डांच्या सेटिंगमध्ये 'आक्षेपार्ह शब्द रोखा' असं बटणही असतं.

ताईंच्या फोनात शब्द चाळणीत अडकला की मुळात यादीतच नव्हता, हे बाहेरून कळत नाही. मराठीत दुसरी शक्यता जास्त. आपल्याकडे जोडशब्द आणि प्रत्यय इतके की 'समलिंगींसाठीच्या'सारखं रूप कुठल्या यादीत असणार? पण आपोआप बदलून टाकणं ही काकांनी सांगितलेल्या 'न सुचवण्या'च्या पुढची पायरी आहे. तिथे हात धरलेलाच आहे, काका.

मुद्दाम गाळण्याचीही उदाहरणं आहेत. २०१३ मध्ये एका अमेरिकन वृत्तस्थळाने आयफोनवर हजारो शब्द एकेक अक्षर चुकवून टाइप केले. अॅबॉर्शन, मर्डर, व्हर्जिनिटी हे शब्द फोनला ठाऊक होते, पण चुकले तर तो दुरुस्त करून देत नव्हता. गूगलच्या शोधपेटीत 'बायसेक्शुअल' लिहिताना पुढचं सुचत नसे, कारण तो शब्द अश्लील मजकुराबरोबर जास्त सापडायचा. संघटना मागे लागल्या, तेव्हा २०१२ मध्ये तो मोकळा झाला. म्हणजे शब्दाचा दोष नव्हता, शेजाऱ्यांचा होता.

भडंग_विथ_शेंगदाणे

शेजाऱ्यांमुळे बदनाम! आमच्या गल्लीची गोष्ट सांगताय का?

जास्वंद_बाई | मिरज

मी दहावीला विज्ञान शिकवते. ज्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात ते उभयलिंगी फूल, उदाहरण जास्वंद. ज्यात एकच असतं ते एकलिंगी, उदाहरण पपई. शाळेच्या ग्रुपवर 'उद्या येताना उभयलिंगी फूल आणा' असा मेसेज दरवर्षी टाकते. हाच शब्द हल्ली 'बायसेक्शुअल' माणसांसाठीही वापरतात. आता गाळायचा कुणाला, जास्वंदीला की माणसाला?

आणि मग व्याकरणाचं काय? पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. अर्धा पेपर कोरा जाईल.

हरिपूरचा_पेव

बाईंशी सहमत. श्रावणात आमच्या हरिपूरच्या संगमेश्वरावर पोस्ट टाकायची तर 'शिवलिंग' लिहावंच लागतं. सांगली जिल्ह्यात लिंगायत समाज किती मोठा! मिरज तालुक्यात लिंगनूर गाव आहे. चाळण लावणाऱ्याने एकदा इकडे येऊन जावं.

अजिंक्यतारा_७७

लिंगनूरचं सोडा, आमचं लिंब बघा. साताऱ्याजवळचं लिंब, जिथे बारामोटेची विहीर आहे. ऑफिसच्या ग्रुपवर ट्रिप ठरत होती. मी लिहिलं, 'रविवारी सकाळी सगळ्यांनी लिंब बघायला चला'. फोनने एकच अक्षर बदललं. ग्रुपमध्ये साहेब, साहेबांची मिसेस, सगळे. साहेबांचा रिप्लाय आला: 'नक्की काय बघायचंय?'

खंबाटकी_बोगदा

😂😂😂 धागा सार्थकी लागला.

मोती_चौक

हसू आलं, मान्य. पण यातून एवढंच सिद्ध होतं की यंत्र मूर्ख आहे. मूर्खाच्या हाती कमीत कमी शब्द द्यावेत.

कोडकरी_कराडकर

काका, मूर्खाच्या हाती चाळणही देऊ नये ना! २००८ मध्ये अमेरिकेत एका धार्मिक संघटनेच्या बातम्यांच्या साइटने असा नियम लावला होता की 'गे' आला की आपोआप 'होमोसेक्शुअल' करायचं. त्याच वेळी ऑलिंपिकच्या निवड चाचणीत टायसन गे नावाचा धावपटू गाजत होता. आडनावच गे. साइटवर बातमी झळकली ती टायसन होमोसेक्शुअल शर्यतीत पुढे गेल्याची.

ओवी_गाणारी | वाई

आणि मराठीतलं 'गे' कुठे न्यायचं? 'सखे गे', 'माय गे'. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत दर दुसऱ्या ओळीला 'गे' येतं. त्या ओव्या मी फोनवर उतरवून ठेवतेय. चाळण लागली तर आजी मुकी व्हायची.

वकीलसाहेब_तासगाव

कायद्याचं थोडक्यात. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे १८६० च्या दंड संहितेतलं. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते सैल केलं, डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा आवळलं, ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं काढून टाकलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारला गेला. तेव्हा 'बेकायदेशीर गोष्टीचे शब्द' म्हणून गाळायला आज काही आधार नाही. खाजगी कंपनीने आपल्या मालात काय द्यावं हा मात्र वेगळा प्रश्न.

तमिळनाडू सरकारने मद्रास हायकोर्टाच्या प्रकरणातून २०२२ मध्ये या विषयावरच्या तमिळ शब्दांची यादीच राजपत्रात छापली. कुठला शब्द सन्मानाचा, हे त्यांनी लिहून ठेवलं. कीबोर्डवाल्यांना असं काही हाताशी मिळालं तर त्यांचंही काम सोपं होतं.

माहुलीचा_वारकरी | सातारा

मोती_चौक, आपण गाववाले आहात म्हणून हक्काने लिहितो. राजवाड्यातल्या शाळेत, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० ला भीमरावांचं नाव दाखल झालं. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, आपण दोघांनीही शाळेसमोरचा कार्यक्रम पाहिला असेल. त्याच विद्यार्थ्याने पुढे १९३४ मध्ये रघुनाथ धोंडो कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत. वाचक लैंगिक प्रश्न विचारायचे, कर्वे उत्तरं छापायचे. त्यात समलिंगी संबंधांवरचंही होतं. अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेबांचं म्हणणं असं की लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानेच ते अश्लील होत नाही, लोक प्रश्न विचारत असतील तर उत्तर द्यायलाच हवं. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला.

तो कोर्टातला खटला होता. दोन बाजू होत्या, निकाल होता, नाव घेऊन भांडायला समोर माणूस होता. कीबोर्डाच्या चाळणीवर कुठे अपील करायचं? यादी कुणी केली तेही कळत नाही. माझा राग शब्द गाळण्यापेक्षा या गुपचूपपणावर जास्त आहे.

मोती_चौक

वारकरी महाराज, त्या शाळेत मीही शिकलोय. हा मुद्दा मानतो. यादी उघड असावी. पण बाबासाहेबांनी प्रौढ वाचकांच्या मासिकाचा खटला लढवला, तिसरीतल्या पोराच्या पाटीचा नाही.

पाटी_पेन्सिल

काका, तिसरीतलं पोर 'आत्या' लिहायला गेलं तर फोन 'आत्मा' सुचवतो, 'समलिंगी' नाही. शब्द लागतो तेव्हाच येतो. घाबरण्याएवढी त्याची हुशारी नाही.

फील्डवर्कर | सांगली

बराच वेळ नुसती वाचत होते. मी पंधरा-सोळा वर्षं एचआयव्हीच्या कामात होते. सांगलीत हे काम जुनं आहे, संग्राम संस्था १९९२ पासून आहे, नंतर वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. मी त्यांच्यापैकी नाही, पण ते काम बघत बघतच शिकले.

तुम्ही सगळे 'समलिंगी'वर भांडताय. आमच्याकडे येणारी पोरं हा शब्द वापरायचीच नाहीत. तो तुमचा पेपरातला शब्द. ती आपसांत कोती, पंथी म्हणायची. ट्रक ड्रायव्हर, हमाल, कारखान्यातले, बँड पथकात वाजवणारे. तपासणीला यायच्या आधी मेसेज करायचे. बरेच जण व्हॉइस मेसेजच टाकायचे, कारण लिहायला गेलं की फोन भलतंच करायचा. एकाला लिहायचं होतं 'कंडोम संपले', गेलं 'कंदील संपले'. मी विचारलं, लाइट नाही का रे तुमच्याकडे?

आता हसते, पण तेव्हा एकाने चाचणीचा निकाल विचारायला केलेला मेसेज मला दोन दिवस कळलाच नव्हता. लाजरं माणूस एकदा लिहितं. कळलं नाही तर परत लिहीत नाही.

आणि ज्या शब्दाने त्यांना हिणवतात, तो फोन बिनदिक्कत सुचवतो. छक्का.

खंबाटकी_बोगदा

तो तर क्रिकेटमुळे. तो कसा गाळणार?

फील्डवर्कर

तेच तर म्हणतेय. शिवी क्रिकेटच्या आडून सुटते, आणि साधं नाव अडकतं.

अजिंक्यतारा_७७

अवांतर: मराठीत 'षटकार' आहे. पण टेनिस बॉलच्या मॅचला 'षटकार' ओरडलं तर अंपायर आउट देईल.

भडंग_विथ_शेंगदाणे

अवांतर २: टेनिस बॉल क्रिकेटची राजधानी सांगलीच.

मोती_चौक

सांगलीकरांनी भडंग खावं. क्रिकेट साताऱ्याकडे, कंदी पेढेही साताऱ्याकडे.

कृष्णाकाठची_मीना

अहो, धागा कुठे चाललाय! फील्डवर्कर ताई, दोन दिवसांचं वाचून पोटात कालवलं.

नवा_आयडी_२६

हा आयडी आजच काढलाय. गाव सातारा जिल्ह्यातलं, नाव विचारू नका. एमआयडीसीत नोकरी करतो.

मी समलिंगी आहे. हे मित्राला सांगायचं होतं. तो पुण्यात असतो, समोर बसून बोलायची हिंमत नव्हती म्हणून लिहायचं ठरवलं. महिनाभर लिहून पुसत होतो. 'मी', मग तो शब्द, मग 'आहे'. मीनाताईंसारखाच माझाही फोन बदलायचा. दर वेळी मागे जाऊन एकेक अक्षर नीट करायचो. शेवटी फोन शिकला. मित्राला पाठवलं, त्याचं उत्तर चांगलं आलं, तो विषय तिथे संपला.

मग एकदा दादाच्या फोनची बॅटरी गेली. त्याला वहिनीला कळवायचं होतं, माझा फोन घेतला. मी शेजारीच चहा पीत होतो. त्याने लिहिलं 'मी'. पट्टीवर तीन शब्द आले. 'आहे', 'पण', आणि तो शब्द.

दादाने बघितलं. मी त्याला बघताना बघितलं. त्याने 'मी कराडला पोचलो, रात्री येतो' असं हळूहळू सगळं लिहिलं, पाठवलं, फोन परत दिला. काही बोलला नाही. दोन महिने मला जेवण गोड लागलं नाही. मग एक दिवस पाटावर बसलो असताना, आईसमोर, भाकरी मोडत म्हणाला, "फोनला पासवर्ड टाक जा. कुणाच्याही हातात देत जाऊ नको." एवढंच. अजूनही त्याच्या मनात काय आहे मला माहीत नाही. पण वहिनी आता स्थळांचं बोलत नाहीत.

तुम्ही विचारताय गाळावा का. माझ्यासारख्याला वाटायला हवं की हो, गाळा, मी वाचलो असतो. पण मी उलटा विचार करतो. कंपनीने तो शब्द पहिल्यापासून सगळ्यांना दिला असता तर दादाच्या फोनवरही कधीतरी आला असता. आईच्याही. मग माझ्या फोनवर दिसल्यावर त्याला काय वाटलं असतं? फोन काहीही सुचवतो, एवढंच. तो शब्द मला हाताने शिकवावा लागला, म्हणून तो माझ्याविरुद्ध साक्षीदार झाला.

ओवी_गाणारी

भाऊ, लिहिलंस ते बरं केलंस. दादा शहाणा आहे तुझा.

फील्डवर्कर

🙏 बाळा, एकटं वाटलं तर इथे लिही. मी रोज बघते.

कोडकरी_कराडकर

नवा_आयडी, तुमचं म्हणणं सकाळपासून डोक्यात आहे. एका ठिकाणी पटत नाही, रागावू नका. शब्द सगळ्यांच्या यादीत असता तरी 'मी'च्या पुढे तिसऱ्या नंबरावर आला नसता. ती जागा तुमच्याच लिहिण्याने मिळाली. म्हणजे कंपनीच्या यादीत शब्द असणं हा एक प्रश्न आणि फोनने तुमच्याकडून शिकून ते चारचौघांत दाखवणं हा दुसरा. पहिल्यात शब्द मोकळा हवा. दुसऱ्यात फोनने न विचारता शिकूच नये, असं मला वाटायला लागलंय. २०१८ मध्ये गूगलने जीमेलच्या वाक्यपूर्तीतून 'हिम', 'हर' ही सर्वनामं काढली, कारण गुंतवणूकदार म्हटलं की यंत्र पुरुषच धरायचं. तिथे गप्प बसणं शहाणपणाचं होतं, कारण यंत्र माणसाबद्दल अंदाज करत होतं. शब्द लिहायला मदत करणं आणि माणूस ओळखायला जाणं यात फरक आहे.

नवा_आयडी_२६

पटलं. मला दोन्ही हवं. शब्द हवा आणि तोंड बंद ठेवणारा फोनही हवा.

मोती_चौक

कराडकर, शिकलेला शब्द पुसायचा कसा ते सांगा. प्रत्येकाला कळेल असं सांगा.

कोडकरी_कराडकर

बऱ्याच अँड्रॉइड कीबोर्डांत पट्टीवरच्या शब्दावर बोट दाबून धरायचं, कचऱ्याची पेटी दिसते, तिच्यात ओढून टाकायचा. आयफोनमध्ये सेटिंगमधून कीबोर्डची डिक्शनरी रीसेट होते, पण मग शिकलेलं सगळंच जातं, आडनावं आणि गावांची नावंसुद्धा. 'वैयक्तिक सूचना' बंद करायचं बटण असेल तर तेही बघा.

मोती_चौक

धन्यवाद. माझ्या फोनवरच पाहिलं. 'अरे' लिहिलं की पुढे काय येतं ते इथे सांगत नाही. नातवाची काळजी कंपनीपेक्षा मीच करायला हवी असं दिसतंय. बटण असावं आणि ते घरातल्यांच्या हाती असावं, इथवर आलोय. याच्या पुढे आज ढकलू नका.

वकीलसाहेब_तासगाव

साताऱ्याची गादी इतकी हलली, पुष्कळ झालं.

जास्वंद_बाई

मीनाताई, त्या वीस प्रतींचं पुढे काय झालं?

कृष्णाकाठची_मीना

मुखपृष्ठं नव्याने छापून, बाइंडिंग सोडून परत केलं. पैसे घेतले नाहीत. ती मुलगी 'समभागी'वालं एक पान मागून घेऊन गेली, म्हणाली होस्टेलच्या खोलीत लावणार. या धाग्याचं तिला सांगितलं, तिने नवा_आयडीला नमस्कार कळवलाय.

फोनमध्ये तो शब्द मी स्वतः घातला, सगळ्या विभक्त्यांसकट, कोती आणि पंथीपण. आता नवीनच गंमत. 'सम' लिहिलं की पहिला तोच येतो. काल एका गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका फोनवर उतरवून घेत होते. शेवटी 'आपले नम्र, समस्त' लिहायला गेले आणि अंगठा सवयीने पहिल्या शब्दावर पडला. पुढे त्यांचं आडनाव आणि 'परिवार'. या वेळी छापायच्या आधी वाचलं.

भडंग_विथ_शेंगदाणे

ताई, आमंत्रण आलं तर मी जाणार होतो हो त्या लग्नाला.